दोनच्या आधी दहा

काचबिंदूने बाबांची नजर गेली आणि त्यांचं वाचन सुटलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण जीव सगळा कादंबऱ्यांवर. आता घनसावंगीजवळच्या आमच्या गावात ते ओसरीवर नुसते बसून असायचे. मी नोकरीसाठी जालन्यात. रविवारी मी गेले की ते माझ्याशीही हवापाण्याचंच बोलायचे. मला ते बघवत नव्हतं.

त्यांची कधीची वाचायची राहिलेली एक कादंबरी कुणीतरी मोठ्याने वाचून, रेकॉर्ड करून एका वेबसाइटवर ठेवलेली सापडली. बेचाळीस भाग, सगळे फुकट. गावात नेटवर्क म्हणजे देवाची मर्जी, त्यामुळे फायली उतरवून नेणं आलं. एकेक उतरवायची तर माझा धीर तिसऱ्या फाइललाच संपतो. म्हणून कॉम्प्युटरला हुकूम देणारी दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली: पान उघड, फाइल शोध, उतरव, नावाच्या जागी आकडा टाक, पाच सेकंद थांब, पुढची घे. थांबायचं एवढ्यासाठी की वेबसाइटवर ताण पडू नये, सगळ्यांच्या विहिरीतून आपणच धबाधब पाणी उपसू नये. स्वयंपाक होईपर्यंत फायली हजर. मला माझंच फार कौतुक वाटलं. पेनड्राइव्ह भरला, छोट्या स्पीकरला लावला आणि बाबांच्या हातात दिला.

आठवड्याने आई फोनवर म्हणाली, "दिवसभर ऐकून राह्यलेत. अन् सकाळी उठलं की एकोणतीसचा पाढा म्हणून राह्यलेत. म्हणतेत, चुकलो तर सांग. मला कुठं येतो एकोणतीसचा!"

मी पोट धरून हसले. म्हटलं, स्वारी खुशीत आहे.

रविवारी त्यांच्याशेजारी ऐकत बसले. एका भागात थोरला भाऊ वारला, रडारड झाली. पुढच्याच भागात तो नवरदेव होऊन घोड्यावर बसला. मी पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला आणि कपाळावर हात मारला. स्पीकर आकडे अक्षरांसारखे, पहिला अंक बघून लावत होता: एक, मग दहा, अकरा, असं एकोणीसपर्यंत, आणि मग दोन. एक ते नऊच्या आधी शून्य द्यायचं मी विसरले होते.

"बाबा, भागांचा क्रम चुकलाय. चूक माझी आहे."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "म्हंजे गोष्टच उलटीपालटी व्हती? माझं डोकं न्हाई?"

तेव्हा कुठे मला पाढ्याचा अर्थ लागला. आजोबा शेवटी घरच्या माणसांनाही ओळखत नव्हते. बाबांना वाटलं, आता आपली पाळी. आपण मधलं काय विसरलो ते शोधायला ते तेच भाग पुन्हा पुन्हा लावत होते, आणि मी तिकडे स्वतःची पाठ थोपटत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, आईला तरी सांगायचं!"

"सांगून काय, माय? तुम्ही मला डॉक्टरकडं नेलं असतं. डॉक्टर व्हय म्हणला असता, तर मंग?"

मी सगळ्या फायलींची नावं बदलली आणि पहिला भाग लावला. तो संपला, दुसरा लागला. थोरल्या भावाची वरात निघाली, तसा बाबांनी स्पीकर बंद केला.

"ऐकलं का," त्यांनी आत आईला हाक दिली. "मी बराबर हाये. बिलकुल बराबर."

आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पिठाच्या हातानेच ती दारात आली.

"मंग बराबरच हायेत की," ती म्हणाली. "तुम्हाला काय झालंय?"