शुक्रवारचा पहिला ठराव

विधानसभेत आज काय काय होणार याचा एक छापील कागद असतो. ‘दिवसाच्या कामकाजाचा क्रम’ असं त्याचं भारदस्त नाव. आधी प्रश्नोत्तरं, मग सभागृहापुढे ठेवायचे कागद, मग सरकारची विधेयकं, आणि एका आड एका शुक्रवारी सगळ्यात तळाला साध्या आमदारांचे ठराव. माझे बाबा त्या साध्या आमदारांतले. मूळचे शाळामास्तर. महाराष्ट्र राज्य झाल्यावरच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना धरून उभं केलं आणि ते निवडून आले. अधिवेशन चालू असलं की त्यांचे वापरून झालेले हे कागद मुंबईहून पोस्टाने घरी यायचे. ते आतेला हवे असत.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. दिलेली गावातच, पण लवकर विधवा झालेली. मूलबाळ नाही. नवऱ्यामागे तिच्याकडे राहिलं ते खाडीकाठचं खाजणातलं शेत. आमच्याकडे ही शेतं बांधाच्या जिवावर असतात. बांध धड असला तर भात, बांध फुटला तर भरतीचं पाणी आत शिरतं आणि जमिनीवर मीठ फुटतं. दुसरं काही साधन तिच्याकडे नव्हतं आणि भावाच्या दारात हात पसरणारी बाई ती नव्हे.

तिला अक्षरओळख नव्हती. मी एस.एस.सी. होऊन घरी बसलेली, माझ्यासाठी स्थळं बघणं चाललेलं. दुपारची जेवणं आटोपली की ती आमच्या पडवीत येऊन बसायची आणि म्हणायची, “वाच गो. आज काय काय आसा तां.”

“सहकारी संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती करण्याबाबत विधेयक.”

“फुडे.”

“उसावरच्या कराचं विधेयक.”

“ऊस खंय आसा आमच्याकडे? फुडे.”

“मुंबईतल्या घरभाड्यांबाबत—”

“ह्यां बरां आसा. आमच्या मुंबयतल्या झिलग्यांची भाडी तरी कमी होतली.”

अशी ती सबंध राज्याचा कारभार हातावेगळा करत तळाशी पोचायची आणि विचारायची, “आणि आमचा बांधाचा?” बांधाचं काही नसायचं. मग ती सुपारी कातरायला घ्यायची.

त्या आधीच्या पावसाळ्यात बांधाला खांड पडली होती, बैलगाडी सहज आरपार जाईल एवढी. खांड पडणं यात नवल नव्हतं. दर वर्षी शिमगा झाला की घरटी एक माणूस निघायचा, चिखल, जांभा दगड आणि पेंढा घालून गाव आपल्या हाताने ती बुजवायचं. कुणी कुणाला मजुरी मागायचं नाही. पण ती डागडुजी एका पावसाची. बाबांना सरकारकडून दगडी बंधारा हवा होता. एकदा त्यांच्या खटपटीने एक इंजिनियर आलाही होता. नुकताच लिंपलेला बांध त्याने पाहिला, दोन शहाळी प्याला, आणि ‘बांध सुस्थितीत आहे’ असं लिहून मोकळा झाला. ते बाबांच्या मनाला फार लागलं होतं.

साध्या आमदारांचे ठराव कोणत्या क्रमाने घ्यायचे ते चिठ्ठ्या काढून ठरतं. त्या वर्षी बाबांच्या बंधाऱ्याच्या ठरावाची चिठ्ठी पहिली निघाली. शिमग्याला ते घरी आले आणि देवळात गाव जमवून म्हणाले, “यंदा खांड बुजवू नका. अशीच राहू दे. ठराव झाला की साहेब बघायला येतील, त्यांना उघडी खांड दिसली पाहिजे.”

मास्तरांच्या शब्दाबाहेर गाव नव्हतं. गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, देवापुढे गाऱ्हाणं घातलं, मास्तरांचो ठराव पास करून दी रे म्हाराजा, आणि सगळे एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणाले. आमच्या सभागृहातही असंच ‘होय’ म्हणून मंजूर करतात, असं बाबांनी हसत सांगितलं. लोक खूश होऊन पांगले.

आते तेवढी हलली नाही. “घाव दाखवूक होयो म्हणान रगत व्हावक देतत काय रे?”

बाबा एरवी घरी मालवणीच बोलत, पण विधानसभेचा विषय निघाला की पुस्तकी मराठीत शिरत. “आक्का, विषय एकदा सभागृहापुढे आला की सरकारला उत्तर द्यावंच लागतं.”

“दर्याक पण वाचून दाखव तो कागद,” ती म्हणाली. पण त्यांची आई गेल्यावर त्यांना तिनेच वाढवलेलं. शेवटी म्हणाली, “तुका समाजता तां कर,” आणि घरी गेली.

ठराव यायचा होता त्या शुक्रवारचा कागद आमच्याकडे सोमवारी आला. अशासकीय ठरावांत पहिला, बाबांचं नाव आणि खाली दोन ओळींत आमचा बंधारा. आतेने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. मग कुठे लिहिलंय ते विचारलं आणि त्या ओळींवर बोट टेकवून बसली. तिला वाटत होतं, आमच्या सगळ्यांनाच वाटत होतं, की ज्याअर्थी छापलंय त्याअर्थी झालं.

दुसऱ्या दिवशी बाबांचं पत्र आलं. शुक्रवारी सकाळी एक जुने, वयोवृद्ध सभासद, पूर्वीचे मंत्री, वारल्याची बातमी आली. सभागृह भरलं, शोकप्रस्ताव झाला, भाषणं झाली, सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि मृताला मान म्हणून दिवसभराचं कामकाज तहकूब झालं. कागदावर होतं ते सगळं कागदावरच राहिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गावाचं मात्र काहीच म्हणणं नव्हतं. आमच्याकडे रीत होती, गावात मढं असेपर्यंत कुणी जमिनीला कुदळ लावायची नाही, चूल पेटवायची नाही. तेव्हा लोकांना हे अगदी रीतीला धरून वाटलं. मोठा माणूस गेला, कामं थांबणारच. आतेसुद्धा तेच म्हणाली. “बरां केल्यानी. मेलेल्याचो मान ठेवकच होयो.”

“आते, तो म्हातारा बंगल्यात, गादीवर मेला. बुडणार तू,” मी म्हटलं.

“गप बस गो. मेलेल्याक नावां ठेवू नको.”

पंधरवड्याने पुन्हा ठरावांचा शुक्रवार आला. त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या अर्धवट राहिलेल्या ठरावावर चर्चा लांबली आणि वेळ संपला. बाबा कागद मांडीवर घेऊन बसून राहिले. मग अधिवेशनच संपलं. न घेतलेला ठराव अधिवेशनाबरोबर मरतो, पुढच्या वेळी पुन्हा अर्ज, पुन्हा चिठ्ठी, हे मला तेव्हा कळलं. सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात. पण भरतीला कोण थांबवणार?

बाबा घरी आले तोवर वैशाख निम्मा सरला होता. गावातले धडधाकट पुरुष आंब्याच्या पेट्या भरायला देवगड-जामसंड्याकडे गेलेले, बाकीचे लग्नकार्यांत. उरलेल्या म्हाताऱ्यांनी आणि बायकांनी घाईघाईने खांड लिंपली. माती पुरती सुकायच्या आत पाऊस लागला. आषाढातल्या उधाणाच्या एका भरतीत ती सगळी वाहून गेली.

आतेच्या शेतात नुकतीच लावणी झाली होती. पाणी ओसरल्यावर मी तिच्याबरोबर गेले. रोपं उभी होती, हिरवीही होती, मला वाटलं वाचली. आतेने एक उपटून मुळं पाहिली आणि परत खोचून ठेवलं. आठवड्यात सगळं पिवळं पडून झोपलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि ते माझ्या सख्ख्या बापाने केलेलं.

गावाने त्यांना बोल लावला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. आते श्रावणात आमच्याकडे राहायला आली, कारण तिच्या घरातलं भात संपलं होतं. जेवताना ती भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि आईने दुसऱ्यांदा भात वाढला की ताटावर आडवा हात धरायची. एकदा बाबा तिला म्हणाले, पुढच्या अधिवेशनात नक्की घेतो विषय. ती शांतपणे म्हणाली, “माणूस मेलो म्हणान तुमी उभे रवलात. दर्यो काय उभो रवलो नाय.” बाबा ताटावरून उठले. मला त्यांची दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी चिठ्ठीत बाबांचं नाव निघालंच नाही. त्यांनी आणखी वाट पाहिली नाही. अधिवेशन ऐन भरात असताना ते मुंबई सोडून आले, देवळात उभे राहिले आणि म्हणाले, “चुकलां माजां. घरटी एक माणूस धाडा.” या वेळी पुस्तकी मराठी नव्हतं. माणसं निघाली.

पण सालभर आत-बाहेर करणाऱ्या पाण्याने खांड दुप्पट झाली होती. दोन्ही बाजूंनी बांध पुढे आणत आणत मधलं तोंड अरुंद करत न्यायचं, आणि ते शेवटचं तोंड भरतीचा जोर कमी असतो त्या भांगाच्या दिवसांत, एका सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, आत बंद करायचं. ते अर्धवट राहिलं तर पुढची भरती सगळं काम घेऊन जाते.

आते तोवर अंथरुणाला खिळली होती. पाय सुजले होते, दोन शब्द बोलली की दम लागायचा. मालवणच्या डॉक्टरांनी काळीज थकलंय म्हणून सांगितलं होतं. पडल्या पडल्या ती एवढंच विचारायची, तोंड किती उरलं. ते शेत पुन्हा गोडं झालेलं तिला बघायचं होतं, मग मेलं तरी चालेल, असं ती उघड म्हणायची.

तोंड बंद करायच्या दिवशी बाबा उजाडताच बांधावर गेले. सकाळ चढली तशी आतेची घरघर वाढली. आई म्हणाली, तुमच्या भावाला बोलावते. आतेने आईचा हात धरला.

“त्याका सांगू नको. तो उभो रवतलो.” आणि ती हसली. खरंच हसली, मी तिथेच बसले होते. मग दम खाऊन म्हणाली, “काम थांबतलां. माजां काय झालां तर दार लावन घे. खांड बुजली काय मगे रडा.”

सुकती लागली आणि ती गेली.

आईने पुढचं दार लावलं, आडणा सरकवला. माझ्या तोंडून आवाज फुटणार एवढ्यात तिने माझ्याच पदराचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबला. आमच्यात माणूस गेलं की बायका मोठ्याने रडतात, ते साऱ्या वाडीला ऐकू जातं, आणि ऐकू गेलं असतं तर बांधावरच्या प्रत्येक माणसाने हातातली पाटी खाली ठेवली असती. म्हणून आम्ही दोघी आतेच्या उशापायथ्याशी गप्प बसलो. तिचे डोळे आईने मिटवले. चूलही तशीच पेटती ठेवली, धूर दिसला नाही तर कुणाला संशय येईल म्हणून. बांधावरून पुरुषांच्या हाका येत होत्या, दगड टाकल्याचे आवाज येत होते, मध्येच कुणीतरी काही बोलायचं आणि सगळे हसायचे. त्या हसण्याचा मला इतका संताप आला की मी पदर दातांनी फाडला.

शेजारच्या काकी दाराशी आल्या. आतेक कसां आसा, म्हणून विचारलं. आई बंद दाराआडून म्हणाली, “आताच डोळो लागलोहा. संध्याकाळी येवा.” आवाज जराही हलला नाही. मला त्या वेळी आईची भीती वाटली. नंतर माझं लग्न झालं, संसार झाला, माणसं गेली, पण एवढी हिंमत मला कधी झाली नाही.

उन्हं कलली. बांधावर एकदम मोठा गलका झाला आणि मग सगळं निवांत झालं. भरती यायला लागली असणार, आणि बाहेरच थांबली असणार. थोड्या वेळाने अंगणात पावलं वाजली. बाबा होते, मागे पाचसहा माणसं. बाबांनी दार वाजवलंसुद्धा नाही. अंगणातूनच, लहानपणी हाक मारत असतील तशी हाक मारली.

“आक्का, खांड बुजली गो.”

आईने आडणा काढला, दार उघडलं आणि मग ती रडली. इतका वेळ कोंडलेलं ते रडणं होतं, अंगणातली माणसं मागे सरली. मी तोंडातला पदर काढला, पण मला रडूच येईना.

बाबा मांडीपर्यंत चिखलात भरलेले, पायरीपाशी उभे होते.  त्यांनी आईला विचारलं, “केव्हा?”

“सुकती लागली तेव्हा,” आई म्हणाली. “तिनाच सांगल्यान, तुमका कळवू नको म्हणान.”

ते आठवायला लागले. चेहऱ्यावरून दिसत होतं की सबंध दिवस ते उलटा चाळून बघतायत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तेव्हा मी हसत होतंय.”

एवढं बोलून ते अंगणातच खाली बसले, चिखलासकट. त्यांना उठवायला कुणी पुढे झालं नाही.