माझ्या कारकिर्दीतली कोथिंबीर

आमच्या हॉस्टेलमध्ये पहिल्या वर्षी खोली आपोआप मिळते. दुसऱ्या वर्षी ती टिकवायला पॉइंट लागतात, आणि हे पॉइंट अभ्यासाचे नसतात. नाचा, पोहा, नाटक बसवा, कुठल्या तरी मंडळाचं काम करा. मार्च आला तरी माझ्या नावावर एकच पॉइंट होता, तोही फायर ड्रिलला वेळेवर खाली उतरल्याचा.

खोली गेली तर मी या परक्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, यिशुनला, ओळखीच्या एका कुटुंबाकडे राहायचं, असं पुण्यात आईबाबांनी ठरवूनही टाकलं होतं. कुटुंब फार चांगलं होतं. फक्त मी भेटायला गेले की त्या घरच्या काकू संध्याकाळी ‘आज काय काय झालं?’ असं विचारायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या. मला चौथ्या मजल्यावरची माझी खोली हवी होती. तिथे कोणी काही विचारत नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांच्या मराठी मंडळात एक काम मागून घेतलं. वर्षाच्या शेवटी मंडळाचं जेवण असतं. नोकरीला लागलेले जुने सभासद तांजोंग पगारच्या ऑफिसांतून टाय सैल करत येतात, आणि प्रत्येक सभासदाचं वर्षभरातलं यश एका ओळीत वाचून दाखवलं जातं. ज्याची ओळ असेल त्याने उभं राहायचं, बाकीच्यांनी टेबलावर चमचे वाजवायचे. डीन्स लिस्ट, स्कॉलरशिप, बढती. चमचे सगळ्यांना सारखेच वाजतात असं म्हणतात. मी जुने व्हिडिओ बघितलेत. बढतीला जास्त वाजतात.

या ओळी गोळा करायचं काम माझं. एक फॉर्म पाठवायचा, उत्तरं आली की कागदावर उतरवायची. तोंड उघडायची गरज नाही, असा माझा हिशोब होता. काम घेऊन झाल्यावर मंडळाच्या अध्यक्ष ताईने पुढचं सांगितलं. ही ताई पीएचडीच्या पाचव्या वर्षाला आहे.

“आणि वाचायचंही तूच. जो गोळा करतो, तोच वाचतो.”

“दुसऱ्या कोणी वाचलं तर?”

“तर पॉइंट दुसऱ्याला.”

हॉस्टेलची ब्लॉक हेड, इथलीच, इथल्या सगळ्यांसारखी वाक्याला ‘लाह’ जोडणारी एक चिनी मुलगी, पॉइंटच्या कागदावर सही करायला स्वतः जेवणाला येणार होती. तिला मराठी कळत नाही, हा मला त्यातल्या त्यात दिलासा होता.

मी फॉर्म केला, लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि लॅबमध्ये गेले. दोन तासांनी बाहेर आले तर एकतीस उत्तरं. आमचे सभासद साध्या ‘येणार का’ला तीन दिवस उत्तर देत नाहीत. मला वाटलं, माझ्या फॉर्ममध्येच काहीतरी जमून आलंय. त्या आनंदात मी दोन दिवस तो उघडलाच नाही.

उघडला तो जेवणाच्या दिवशी, तोआ पायोहच्या हॉलवर जाताना मेट्रोत. आमच्या पोस्टडॉक दादाच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘दोन पेपर छापून आले. पहिला मला समजला नाही. दुसराही नाही. दोन्ही फ्रेम करून हॉलमध्ये लावले आहेत.’

हे दादाने लिहिलेलं नव्हतं. हे दादाच्या वडिलांनी लिहिलं होतं.

आमचे दोन ग्रुप आहेत. एक सभासदांचा. दुसरा पालकांचा, मुलं नीट पोचली का, जेवली का, एवढ्यासाठी काढलेला. दोन्हींवर आमच्या गणपतीचा एकच फोटो आहे. मी फॉर्म आईवडिलांना पाठवला होता, आणि त्यांनी तो परीक्षेचा पेपर असल्यासारखा वेळेआधी सोडवून दिला होता.

हॉलच्या दारात मी ताईला फोन दाखवला. ती वाचत गेली. मध्येच भिंतीला टेकली. डोळे पुसले.

“ताई, मी सगळ्यांना आत्ता परत विचारते. पटापट.”

“वेडी आहेस का? हेच वाच.”

“तुझंही आहे त्यात.”

“वाचलं मी. आमच्या मातोश्री.” तिने फोन परत दिला. “तुला खोली हवीये ना? मग जा वर.”

मी दारातच ओळी कागदावर उतरवल्या आणि वर गेले. माईक माझ्या उंचीपेक्षा वर होता आणि तो खाली कसा करतात हे विचारायला लागू नये म्हणून मी टाचा उंच केल्या. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मला मराठी सावकाश वाचता येतं. प्रत्येक शब्द सुटा, बातम्या दिल्यासारखा. सुरुवात बँकेतल्या एका दादापासून केली, कारण त्याचा सूट सगळ्यांत चांगला होता.

“बढती मिळाली,” मी वाचलं. चमचे सुरू झाले. तो उभा राहिला, कोटाचं बटण लावलं. “कपड्यांच्या घड्या अजून येत नाहीत. भांडी स्वतः घासतो म्हणतो. फोटो पाठवत नाही.”

चमचे थांबले. मग कोणीतरी मागून ओरडलं, “फोटो पाठव रे,” आणि हॉलमध्ये हशा फुटला. तो सूटमध्ये उभाच. “हे कोणी लिहिलं?” त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. ‘डीन्स लिस्टमध्ये आला. ही चांगली लिस्ट असते.’ ‘मुलगी उत्तम.’ पोस्टडॉक दादा वडिलांची ओळ ऐकून खाली बसायचंच विसरला. ताईच्या आईची ओळ होती, ‘पीएचडी कधी संपणार हे विचारायचं नाही असं घरात ठरलं आहे, त्यामुळे विचारत नाही.’ त्या ओळीला बढतीपेक्षा जास्त चमचे वाजले. ताईने कमरेत वाकून नमस्कार केला. मी सावकाश वाचत होते म्हणून लोकांना हसायला वेळ मिळत होता, आणि मला वाटत होतं मी हे मुद्दाम करतेय. तोपर्यंत टाचाही खाली आल्या होत्या.

एक ओळ मी ठरवून गाळली. तीस वाचल्या, कागदाची घडी घातली.

“एकतिसावी?” ताई पहिल्या रांगेतून म्हणाली. “मी बघितलंय हं.”

मी घडी उघडली. आईने लिहिलं होतं: ‘बाजारात भाजीवालीशी भांडून सडकी कोथिंबीर बदलून आणली.’

चमचे वाजायला लागले. मला उभं राहायचं होतं, पण मी उभीच होते. आणि ते खरं नव्हतं. एवढे लोक खोट्यावर चमचे वाजवताहेत हे मला बघवेना.

“मी भांडले नाही,” मी माईकमध्ये म्हणाले. हे कागदावर नव्हतं. “मी नुसती उभी राहिले. जुडी हातात धरून. पंधरा मिनिटं. मग ती आंटी म्हणाली, ‘ओके लाह, टेक, टेक, गो होम’, आणि दोन जुड्या दिल्या.”

असं हसणं मी याआधी फक्त बाहेरून ऐकलं होतं. बँकवाला दादा खुर्चीवर चढून दोन्ही हातांत चमचे घेऊन वाजवत होता. ब्लॉक हेड शेजारच्याला विचारत होती आणि भाषांतर पोचायच्या आधीच हसत होती. सहीचा कागद घेऊन ती माझ्याकडे आली. “आय अंडरस्टँड नथिंग,” ती म्हणाली, “बट यू व्हेरी फनी, लाह.” तिने सही केली आणि पॉइंटच्या रकान्यात पूर्ण आकडा लिहिला.

खोली राहिल्याचा ईमेल मेमध्ये आला. तोच मजला, तीच खिडकी. मी आईला फोन केला. ती आधी यिशुनच्या काकूंना वाईट वाटेल म्हणाली, मग मुद्द्यावर आली.

“त्या फॉर्ममध्ये आता हे लिहिता येईल का गं?”

“आई, फॉर्म बंद झालाय.”

“मग उघड की. तुझ्याच हातात आहे ना तो?”

मी उघडला. रात्रीच्या जेवणाआधी तिच्या तीन ओळी आलेल्या होत्या.