दादांच्या गाडीची डावी बाजू

दादा गुप्ते गाडी सुरू करण्याआधी तिला प्रदक्षिणा घालत. चारही चाकांना पायाने टोचून बघायचं, मग उकिडवं बसून गाडीच्या पोटाखाली डोकावायचं. कधी तिथे झोपलेलं कुत्रं निघे, कधी चाळीतल्या पोरांचा चेंडू. एकदा आमच्याच घरातलं हरवलेलं पातेलं निघालं. मग धोतराला हात पुसत दादा म्हणत, "जेवढी गाडी मोठी, तेवढा तिचा ड्रायव्हर आंधळा. म्हणून उतरून बघायचं." आम्ही सगळे आत बसून घामाघूम झालेलो असू, पण त्यांना घाई करायची कुणाची छाती नव्हती.

ती गाडी म्हणजे लष्कराची जुनी अॅम्ब्युलन्स. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दादा फौजेत मोटार चालवायला शिकवत. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतल्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा त्यांनी ही उचलली. आत रात्री पसरून झोपता येतील अशी दोन बाकं, स्टोव्हपुरती पत्र्याची फळी, पाण्याचं पिंप आणि खिडक्यांना गुप्तेवहिनींच्या जुन्या पातळाचे पडदे. नाव ठेवलं 'बिऱ्हाड'. एरवी दादा कोलशेतच्या एका कारखान्यात लॉऱ्यांची देखभाल करत. रविवारी मात्र ठाण्यातल्या आमच्या चाळीतली तीन-चार कुटुंबं बिऱ्हाडात भरून ते शहाडला नदीकाठी नाहीतर कोलशेतच्या खाडीवर नेत. सगळी चाळ आठवडाभर त्या रविवारावर जगे.

मी नवी सून म्हणून तिथे आले, आणि पहिल्याच सहलीत मला गाडी लागली. सासऱ्यांच्या नव्या उपरण्यावर सकाळचे पोहे बाहेर आले. मला वाटलं, आता जन्मभर हेच ऐकावं लागणार. दादांनी गाडी थांबवली, मला पाणी दिलं आणि पुढे स्वतःच्या शेजारी बसवलं. म्हणाले, "सूनबाई, आत बसून पडदा बघत राहिलं की पोट ढवळतं. रस्त्याकडे बघ." आणि खरोखर, पुढे बसल्यावर पुन्हा कधी मला गाडी लागली नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचाच उपयोग झाला.

बिऱ्हाडाला डाव्या बाजूला आरसा नव्हता. दुसऱ्याच खेपेला दादांनी ते काम मला दिलं. "डावी बाजू तुझी. तू मोकळं म्हटल्याशिवाय मी चाक वळवणार नाही." मी डोकं बाहेर काढून सांगायची: सायकल आहे, बैलगाडी आहे, म्हातारी उभी आहे, मोकळं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, पण घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा मला कुणी विचारत नसे. इथे पन्नाशीचा माणूस माझ्या एका शब्दावर एवढं धूड वळवत होता. त्या माणसासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, हे आज लिहितानाही मला लाज वाटत नाही. शहाडच्या माळावर त्यांनी मला स्टिअरिंगच्या चक्रापाशीही बसवलं. चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि दादा गाडीपुढे उलटे चालत मला "ये, ये, घाबरतेस काय" म्हणत होते.

रस्ता आपल्या एकट्याचा नाही, हे त्यांचं पालुपद. कोलशेतच्या वाटेवर बैलगाड्या, सायकली, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. बिऱ्हाड उंच नि रुंद, त्यामुळे मागच्याला पुढचं काही दिसत नसे. म्हणून दादांनी गावातल्या लोकांना हाताची खूण शिकवली. मिठागरावर काम करणारा बाळाराम त्यांत होता. पंचविशीचा, सायकल पुसून लख्ख ठेवणारा, सावध माणूस. त्याला दादा माझ्यादेखत म्हणाले, "मी उजवा हात बाहेर काढून पुढे हलवला की समज, मी बघितलंय, समोर कुणी नाही, तू जा. हात आत असेल तर कितीही वेळ लागो, मागे थांब. हात बाहेर काढला म्हणजे शब्द दिला." बाळाराम हसून म्हणाला, "तुमचा हात दिसल्याबिगर नाय निंगनार, दादा." त्यानंतर त्या वाटेवरचे सगळेच दादांच्या हाताकडे बघून चालू लागले. मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

त्या रविवारी आम्ही खाडीवरून परतत होतो. वळणाच्या अलीकडे रस्ता फार उखडलेला, म्हणून बिऱ्हाड माणसाच्या चालीने चाललेलं. दादा आमच्या पाठीमागच्या, आत उघडणाऱ्या खिडकीकडे मान वळवून माझ्या सासऱ्यांना फौजेतला कुठलातरी किस्सा सांगत होते आणि मागे हशा पिकला होता. मागून सायकलची घंटा वाजली. दादांनी मान वळवली नाही. किस्सा तसाच चालू राहिला आणि त्यांचा उजवा हात सवयीने खिडकीबाहेर गेला नि पुढे हलला. मी "दादा" म्हणेपर्यंत सायकल उजवीकडून पुढे आली होती. बाळाराम चालवत होता, कॅरिअरवर त्याचे वडील बसले होते, आणि वळणावरून लॉरी आली.

बाळारामचा पाय मोडला. त्याचे वडील जागच्या जागी गेले.

चौकीवर फौजदाराने सगळ्यांना विचारलं. मागे बसलेल्यांना काही दिसलेलं नव्हतं, त्यांनी तसं सांगितलं. दादा म्हणाले, मी हात दाखवलाच नाही, तो घाईने घुसला. मला वाटलं, धक्क्याने ते विसरले असतील. मी आठवण करून द्यावी तशी म्हणाले, "दादा, तुम्ही हात बाहेर काढलात. मी बघितलं." दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फौजदाराला ते अगदी मायेच्या आवाजात म्हणाले, "तिला गाडी लागते, साहेब. डोळे मिटून बसते ती. म्हणून तर पुढे घेतो."

फौजदाराने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. हिला गाडी लागते का? नवरा म्हणाला, लागते. गाडी लागते, डोळे मिटून बसते, एवढंच लिहून घेतलं गेलं.

घरी सासरे मला समजावत बसले. दादांचा परवाना जाईल, नोकरी जाईल, कदाचित तुरुंगात जातील; चार मुली लग्नाच्या आहेत; गेलेला म्हातारा काही परत येणार नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्या चारही मुलींना मी गणित शिकवत होते, त्यांचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. दादा घाबरले, हे मी समजू शकत होते. पण घाबरून त्यांनी नेमकं माझ्या डोळ्यांना खोटं ठरवलं, ज्या डोळ्यांवर ते इतके दिवस गाडी वळवत होते. त्याचा संताप मला गिळता येईना. चाळीतल्या बायका माझ्याशी जास्तच गोड बोलू लागल्या, आजारी माणसाशी बोलतात तशा.

तीनेक महिन्यांनी बाळाराम काठी टेकत माझ्या शाळेच्या फाटकाशी आला. मिठागरात उभं राहायचं काम आता त्याला जमणार नव्हतं, पण ते सांगायला तो आला नव्हता. म्हणाला, "ताय, भावूस म्हनतं, बापसाला मीच मारला. घरात कोन बोलत नाय माज्याशी. मना दादांकडून कायच नको. माज्या घरी येऊन येवढंच बोला म्हनावं का हात दावला व्हता." मी त्याला शब्द दिला की दादांना सांगते.

पुढच्याच रविवारी सहली पुन्हा सुरू होणार होत्या. खाली भोंगा वाजला. दादा प्रदक्षिणा घालत होते, तीच चाकं टोचणं, तेच उकिडवं बसणं. ते उठल्यावर मी बाळारामचा निरोप सांगितला, शब्द न् शब्द. त्यांनी ऐकून घेतलं. मग धोतराला हात पुसत म्हणाले, "झालं ते झालं, सूनबाई. तू आता मागे बस, आरामात. पुढे बसून उगाच ताण नको तुला." आणि त्यांनी बोट दाखवलं. डाव्या बाजूला नवा कोरा आरसा बसवला होता.

मी त्यात पाहिलं. चाळीचा जिना, जिन्यावर डबे घेऊन उभी असलेली माणसं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"आरसा बरा, दादा," मी म्हणाले. "त्याला चौकीवर कुणी काही विचारत नाही."

मी वर निघून गेले. पुन्हा कधी बिऱ्हाडात बसले नाही. नवरा जात राहिला. त्याच्याकडूनच कळलं की दादांनी नंतर कधी हात बाहेर काढला नाही, दोन्ही हात चक्रावर घट्ट ठेवून चालवत. कोलशेतच्या वाटेवर मागे सायकली आणि बैलगाड्यांची रांग लागे आणि लोक हात दिसायची वाट बघत मुकाट्याने मागून येत राहत.

पाच-सहा वर्षांनी दादा हृदयविकाराने गेले. मी त्यांच्या दारी गेले होते. गुप्तेवहिनी गळ्यात पडल्या तेव्हा मलाही रडू आलं, आणि ते खोटं नव्हतं. दादांनी मला जे दिलं होतं ते दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं, आणि ते काढूनही त्यांनीच घेतलं होतं. अंगणात बिऱ्हाड उभं होतं. त्याच्या पलीकडे चपला काढून बाळाराम उभा होता. इतक्या लांबून तो लंगडत आला होता. मला बघून जवळ आला आणि हळूच विचारलं, "जाताना काय बोलले काय, ताय?"

मी नाही म्हणाले. त्याने मान हलवली आणि चपला शोधू लागला.

मी त्याला थांबवलं आणि त्याच्याबरोबर कोलशेतला गेले. त्याच्या भावाच्या ओटीवर बसून, घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं. भाऊ ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला की तुम्ही बाईमाणूस, दया येऊन बोलत असाल. चौकीवर तर तुमचे डोळे मिटलेले होते असं लिहिलंय. म्हणून आता कागदावर लिहिते. त्या दिवशी दादांचा हात बाहेर आला होता आणि पुढे हलला होता. माझे डोळे उघडे होते.