दफनभूमीतला नळ

निखिलचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकच्या ऑफिसात, कँटीनच्या रांगेत उभी होते. "ताई, आई गेला," तो म्हणाला. निखिल सुनंदामावशींचा मुलगा. लंडनच्या हॅरोत जन्मला, आता नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये ज्युनिअर डॉक्टर आहे. मराठी तो मनापासून बोलतो, पण त्यातल्या 'तो' आणि 'ती'ची वाटणी त्याला कधी जमली नाही. एरवी मी त्याला चिडवते. त्या दिवशी ट्रे तिथेच ठेवला आणि कार पार्कमध्ये जाऊन उभी राहिले. सुनंदामावशी जाऊन आता दीड महिना होत आला, तरी मधूनच वाटतं की शनिवारी सकाळी फोन वाजेल आणि पलीकडून नमस्कार-चमत्कार काही न करता विचारतील, "टायरमध्ये हवा भरलीस का?"

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. हॅरोत एकीच्या घरी हळदीकुंकू होतं, तिथे पहिल्यांदा पाहिलं. साडीवर पिवळं जॅकेट आणि काखेत हेल्मेट, कारण बाई सायकलवरून आली होती. काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. यजमानीण कुंकवाचा करंडा घेऊन त्यांच्यापाशी आली आणि घुटमळली. मावशींनी करंडा तिच्या हातून काढून घेतला, स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "झालं. आता तिळगूळ दे, भूक लागलीय." सगळ्या बायका आपापल्या बशीत बघायला लागल्या. मला मात्र ही बाई तिथल्या तिथे आवडली.

मी तेव्हा नुकतीच पुण्याहून परत आले होते. बाबा अचानक गेले. मी विमानाने पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. अस्थी गोळा करायला निदान जाऊ का, असं विचारलं तर भाऊ म्हणाला, "राहू दे, दमून आलीयेस, आणि बायका जात नाहीत आपल्याकडे." तो काही वाईट मनाने बोलला नाही. मी घरात बसून राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा दिला, रजा संपल्यावर परतले आणि सोमवारी कामाला लागले. रडू आलं नाही. मैत्रिणींना वाटलं मी फार खंबीर आहे. खरं म्हणजे मला बाबांना निरोपच देता आला नव्हता, आणि तो कुठे, कसा द्यायचा हे मला कुणी सांगत नव्हतं. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. "सायकल येते का?" एवढंच विचारलं. पुण्याच्या मुलीला हा काय प्रश्न झाला! "मग व्हिसा काढ. जूनमध्ये फ्रान्सला जाऊ."

कौन्सिलच्या लायब्ररीत काम करणारी ही बाई दर उन्हाळ्यात फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून सायकल हाकायची. तीही डांबरी रस्त्यांवरून नाही. शेतांमधून, जंगलांच्या कडेने, रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवरून. रुंद टायरची दणकट सायकल, मागे दोन पिशव्या, हँडलवर घडी घातलेला नकाशा. डांबर संपून खडी लागली की त्यांचा चेहरा खुलायचा. "डांबरावर गाड्या मागे लागतात. खडीवर फक्त गाई बघतात," असं त्या म्हणायच्या, आणि नॉर्मंडीत ते अगदी खरं होतं. पोर्ट्समथहून बोटीने पलीकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अशा वाटेला लागलो की दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, पलीकडे सफरचंदाच्या बागा, आणि चाकांखाली खडीचा एकसारखा कुरकुर आवाज. मावशी पुढे, मी मागे. त्या नकाशा हवा तसा वाचायच्या. चुकलो तर म्हणायच्या, "नकाशा जुना आहे." तो नेहमी नवाच असायचा.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. दुपारी एका गावात पोचलो तर सगळं बंद. तिकडे खेड्यात बारा वाजले की दुकानदार शटर ओढून जेवायला जातो तो दोन वाजेपर्यंत उगवत नाही, हे मला नवीन होतं. बाटल्या रिकाम्या. मावशींनी सायकल थेट चर्चमागच्या दफनभूमीकडे वळवली, लोखंडी फाटक ढकललं आणि आत गेल्या. कोपऱ्यात नळ होता, शेजारी फुलांना पाणी घालायच्या हिरव्या झाऱ्या टांगलेल्या. "फ्रान्समध्ये हे लक्षात ठेव," त्या म्हणाल्या, "दुकान बंद असेल, बार बंद असेल, पण इथला नळ चालू असतो. फक्त पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना, तेवढं बघायचं." त्या घटाघटा प्यायल्या, डोक्यावर ओतून घेतलं. मी फाटकाबाहेर उभी. "मावशी, मी स्मशानातलं पाणी नाही पिणार."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बाटली भरून सायकलवर बसल्या. आग्रह नाही, वाद नाही. मला तर वाद हवा होता.

पुढे चढ लागला. पांढरी खडी उन्हात डोळ्यांवर येत होती, मागचं चाक घसरत होतं, जीभ टाळ्याला चिकटलेली. पण हट्ट म्हणजे हट्ट. शेवटी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सायकल आडवी टाकून कुंपणाच्या सावलीत बसले. मावशी वरून परत खाली आल्या. शेजारी बसल्या. बाटलीचं टोपण दातांनी ओढून उघडलं, ही त्यांची सवयच होती, आणि बाटली माझ्यापुढे धरली.

"तेच पाणी?" मी विचारलं.

"तेच. घे. गार आहे."

मी प्यायले... आणि पिता पिता मला जे रडू फुटलं ते थांबेना. बाबांचं नाव घेऊन रडले. मावशींनी माझी सायकल उचलून कुंपणाला टेकवली. मग परत शेजारी बसून म्हणाल्या, "काका गेले तेव्हा लंडनच्या क्रिमेटोरियममध्ये म्हणाले, दहनाचं बटण दाबायला कुणी पुरुष आहे का. निखिल केवढासा होता. मी म्हटलं, नवरा माझा आहे, मी दाबते."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण शेवटपर्यंत सोबत गेले याचं बरं वाटतं, अजून वाटतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला कुणी जाऊ दिलं नाही. म्हणून काय झालं? आता जा."

आम्ही उतार उतरून परत त्या गावात गेलो. या वेळी फाटक मी ढकललं. अनोळखी माणसांच्या थडग्यांमध्ये उभी राहून माझी बाटली स्वतःच्या हाताने भरली, थोडं पाणी तिथल्या खडीवर सोडलं आणि म्हटलं, "बाबा, येते." मावशी बाहेर नकाशाची घडी घालत होत्या, मुद्दाम पाठ करून.

त्यानंतर दर जूनमध्ये गेलो. मावशी सोज्वळ वगैरे मुळीच नव्हत्या. घोरायच्या, पंक्चर काढताना माझ्यावर खेकसायच्या, फ्रेंच माणसाशी ठणठणीत मराठीत बोलायच्या आणि हवं ते मिळवायच्या. मेतकुटाची पुडी मात्र मलाच वाहायला लावायच्या. यंदाच्या उन्हाळ्यात पोटात दुखतंय म्हणून तपासायला गेल्या आणि पानगळ व्हायच्या आत सगळं संपलं. शेवटची भेटले तेव्हा वॉर्डातल्या खुर्चीत बसून मला म्हणाल्या, "माझी सायकल गॅरेजमध्ये गंजू देऊ नकोस. चालव." आवाज खणखणीत होता.

अंत्यविधीला निखिलने मला हाताला धरून आत नेलं. "आई बोलला होता, ताई पण पाहिजे. आपण दोघं दाबायचा." आम्ही दोघांनी मिळून ते बटण दाबलं. मी अगदी शेवटपर्यंत तिथे होते.

बाहेर आलो तर हॅरोच्या बायका एकमेकींना सांगत होत्या, आता सरळ घरी, आंघोळ होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. बरोबरच आहे त्यांचं, मीही तशाच घरातली. भिंतीपाशी नळ होता, शेजारी हिरव्या झाऱ्या. माझ्या पिशवीत मावशींची बाटली होती, टोपणावर त्यांच्या दातांच्या खुणा असलेली. मी आधी पाटी आहे का बघितलं. नव्हती. बाटली भरली, टोपण दातांनी ओढलं आणि सगळ्यांसमोर प्यायले.

निखिल माझ्याकडे बघत उभा होता. डोळे कोरडे, ओठ सुकलेले. सकाळपासून पोराने पाण्याचा थेंब घेतला नसणार. मी बाटली त्याच्यापुढे धरली.

"घे," म्हटलं, "गार आहे."