वैशाखातला किल्ट

राघूमामाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा येडगावच्या कालव्याचं पाणी वाहायचं थांबलं होतं. माझी मोटरसायकल आपोआप न्यूट्रलला आली, तारेवरच्या साळुंक्या एकमेकींना खेटून बसल्या, आणि कांदे घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर गाणं बंद करून, हात जोडून निघून गेला. हात कुणाला जोडले ते त्यालाही सांगता आलं नसतं. भर दुपारी कालव्याच्या भरावावरून एक ताडमाड, मिशाळ गृहस्थ चालत येत होता. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, गुडघ्यापासून वर लाल-हिरव्या चौकटींचा चुण्यांचा घागरा आणि काखेत पिशवी. एखाद्या मेंढीला मनाविरुद्ध शाळेत घालावं तसा आवाज त्या पिशवीतून येत होता. मागून त्याच्या खऱ्या मेंढ्या रांगेत चालल्या होत्या. आपल्यातलंच कुणीतरी आत अडकलंय अशी त्यांची समजूत असावी.

"पावणं, पाणी हाय का गाडीत?" त्यानं विचारलं.

मी बाटली दिली. त्यानं ती न पिता घागऱ्यावर ओतली.

"आत लई भट्टी पेटलीया," तो म्हणाला, आणि माझी-त्याची ओळख झाली.

राघूमामा पलटणीच्या बँडात बॅगपाइप वाजवायचा. निवृत्त होऊन घरी आला, वडिलांच्या मेंढ्यांतल्या उरलेल्या सांभाळल्या, थोडा टोमॅटो लावला. पण पलटणीतला किल्ट, म्हणजे बँडवाल्यांचा तो चौकटीचा घागरा, पेटीत होता आणि त्या किल्टवर एक शब्द लटकलेला होता. भाची दिशा लहान असताना सुट्टीत त्याच्या खांद्यावर बसायची. तेव्हा तो बोलून गेला होता, "तुला मांडवात मी आणीन. फुल ड्रेसमधी, बाजा वाजवत." आपल्याकडं नवरीला मांडवात मामानंच आणायचं असतं, त्यामुळं यात अवघड काही नव्हतं. पोरगी मोठी झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि घोडेगावचा मुलगा पसंत करून मामाला फोनवर म्हणाली, "मामा, ड्रेसमध्येच यायचं हं. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मुहूर्त निघाला वैशाखातला, दुपारचा.

पलटणीचा किल्ट थंडीच्या परेडसाठी शिवलेला. जाड लोकर, तीही घड्यांवर घड्या. वैशाखात तो नेसणं म्हणजे कमरेला गादी गुंडाळून चुलीपुढं बसणं. पण राघूमामाचं म्हणणं, की किल्टची सगळी गंमत खालून लागणाऱ्या वाऱ्यात आहे. वारा खेळता राहिला तर उन्हाळ्यात त्याच्याइतकं सुखाचं वस्त्र नाही. अडचण एवढीच होती, की वारा खेळायला खाली मोकळं लागतं आणि घरात बायको सोनीबाई होती.

"आत पट्ट्याची चड्डी घालायची," मामी म्हणाली.

"मग वारा कुठनं येनार?"

"यायलाच नगं त्यो. सगळी पावणीरावळी बसल्याली, अन् तुमी वाऱ्यावर."

त्या चड्डीची नाडी पायजम्याची होती आणि उंची गुडघ्याएवढी. लोकरीच्या आत चड्डी, चड्डीच्या आत मामा. मामाला मांड्यांच्या आतल्या बाजूला घामोळं आलं. तो पाय फाकवून चालायला लागला, आणि गावात त्याला कुठलं तरी ऑपरेशन झाल्याची बातमी पसरली. त्याचा धाकटा भाऊ जानकू समाचाराला म्हणून येऊन बसला. जानकू बाराही महिने टेरिकॉटचा सफारी घालतो आणि त्याला घाम येत नाही.

"दादा, मी काय म्हन्तो, एखादा सफारी शिवून टाक. झाकलेलं बरं."

"तू बोलू नगंस. तुझ्या अंगाला छिद्रंच न्हाईत."

शेवटी मामा जुन्नरला आदेश टेलरकडं गेला. मीही बरोबर होतो. पलंगपोसाचं चौकटीचं सुती कापड त्यानं टेबलावर टाकलं आणि किल्ट शिवायला सांगितला. आदेशनं पेटीतला नमुना उलटा-सुलटा करून पाहिला.

"मामा, चेन पुढं ठेवू का बाजूला?"

"चेन नसती."

"मग खिसा?"

"खिसा पन नसतो."

"राव, मग ह्यात हाय काय?"

"वारा," मामा म्हणाला. पण त्यात आता चड्डीही होती, म्हणून त्याचा आवाज जरा पडलेलाच होता.

सुती किल्ट हलका झाला. फक्त त्याच्या चुण्या राहीनात. दहा पावलं चाललं, की मामा पलंगपोस गुंडाळून अंघोळीला निघाल्यासारखा दिसे. इस्त्री केली, पिना लावल्या, गादीखाली दाबून ठेवला, काही उपयोग नाही. मामानं बाजा कोपऱ्यात फेकला. तेव्हा सोनीबाईनं तो किल्ट उचलला आणि आपल्या सासऱ्याच्या धोतर-टोपीला आयुष्यभर जे केलं तेच त्याला केलं. साबुदाण्याची घट्ट खळ शिजवून त्यात बुडवला. वाळल्यावर तो दोरीवरून काढून अंगणात ठेवला, तर कुणी आत नसताना उभा राहिला. चुणी न् चुणी कडक. मामानं पहाटेच भरावावर जाऊन चालून पाहिलं. किल्ट अंगापासून सुटा राहत होता, वारा येत होता, चड्डीसुद्धा गार वाटत होती.

"जमलं," तो मला म्हणाला. त्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदाच हसला.

पहाटे जमलं होतं. भर दुपारी चालून पाहायचं कुणाला सुचलं नाही.

लग्नाचं कार्यालय पत्र्याचं. नवरदेव परण्यासाठी, म्हणजे वाजतगाजत दर्शनाला, मारुतीला गेला आणि त्याचे मित्र डीजेपुढचा रस्ता सोडेनात. नवरीच्या खोलीबाहेर राघूमामा फुल ड्रेसमध्ये ताटकळत उभा. बसलं तर चुण्या मोडतील म्हणून तो बसत नव्हता. येणारा प्रत्येक पाहुणा घागऱ्याकडं बघून एकच प्रश्न विचारी, आणि मामा आधी हसून, मग नुसता आणि शेवटी दात ओठ खाऊन एकच उत्तर देई, "चड्डी हाय." घामानं आता साबुदाणा जागा झाला होता. चुण्या आधी मऊ, मग चिकट, मग बुळबुळीत झाल्या. मामाचे पाय भरून आले. सोनीबाई म्हणाली, "अवं, टेका जरा, अजून येळ हाय." तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. कुणीतरी कळवळून मोठा पंखा त्याच्याकडं वळवला. त्या वाऱ्यात मामाला एवढं बरं वाटलं, की त्याचा डोळा लागला.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," माईकवरून गुरुजी म्हणाले.

मामा बाजा सावरत ताडकन उठला. खुर्ची त्याच्याबरोबर उठली. पंख्यानं खळ वाळवली होती. जानकूनं खुर्ची धरली, मी मामाला धरलं, आणि आम्ही दोघांनी ओढलं. आदेशची शिलाई कमरेपासून सुटली. किल्ट खुर्चीवर राहिला आणि मामा पट्ट्यांच्या चड्डीत, काखेत बाजा घेऊन उभा राहिला.

"म्हनून म्हनत व्हते," सोनीबाई हळूच म्हणाली आणि तिनं त्याच्यापुढं पदर धरला.

दिशा मुंडावळ्या बांधून दारात आली होती. "थांबा जरा, मामांना येऊ दे," ती म्हणाली. गुरुजींनी माईकवरून मुहूर्त चालल्याचं सांगितलं, मग परत सांगितलं. मामा खुर्चीवरचं कापड नखानं सोडवत होता. त्यानं वर न बघताच हात हलवला. "जा बाई तू. येळ नगं घालवू."

दिशाला मांडवात जानकूनं आणलं. त्यानं सफारी घातला होता.