दुसरं बोलावणं

राजेश्वर गावची पंचशीला घरी बसून बेंगळुरूच्या कंपनीसाठी वेबसाइटी बनवते. पण "पोरगी करती तरी काय?" असं कुणी विचारलं, की तिच्या आईची, मंगलबाईची, पंचाईत. डॉक्टरीण, मास्तरीण सांगता येतं. हिचं काय सांगावं? "बटणं बडवायली काहीतरी दिवसभर," एवढंच ती सांगायची आणि पंचशीलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून भावाच्या लेकीच्या बारशाला तिनं हट्टच धरला. जेवणाची बोलावणी वेबसाइटीवरून!

"आई, ह्यात कुणामागं पळायचं न्हाई. एक गोष्ट घडली, की तिच्यावर कान लावून बसलेला प्रोग्रॅम आपलं काम करतो. फ्रेमवर्कमधी, म्हंजे वेबसाइटीच्या आयत्या सांगाड्यात, ही सोय तयारच असती. भात शिजला, मी बटण दाबलं, की घरोघरी मोबाइल वाजणार. लोक 'निघालो' दाबणार. सगळ्यांचं आलं, की वाढप्यांला आपोआप निरोप, वाढा!"

"मग मी काय करू?"

"तू नटून बस."

भात शिजला. बटण दाबलं. 'निघालो, निघालो', पटापट उत्तरं आली. पंचशीलाची छाती फुगली. वाढपी बिचारे हुकमाचे बंदे. फोन वाजताच पत्रावळींवर भात, वरण, बुंदी वाढून मोकळे. आणि मांडवात बघावं तर चिटपाखरू नाही!

"अगं भवाने, माझ्या नातीच्या बारशाला सुनी पानं?" मंगलबाईला रडू कोसळलं.

पंचशीला अनवाणीच शेजारी धावली. नरसिंगअण्णा इस्त्रीचा सदरा घालून, फोन हातात धरून ओट्यावर बसलेले.

"अण्णा, 'निघालो' दाबलाव की! मग बसलाव कामून?"

"दाबलो की. न्हाई कसं म्हणावं? पर पयल्याच बोलावण्याला उठलो तर लोक म्हणतील, नरसिंग उपाशीच बसला होता. दुसरं बोलावणं येऊ दे की!"

घ्या! गल्लीभर हीच तऱ्हा. नटूनथटून, पोटात कावळे ओरडत असताना, सगळे अब्रू सांभाळत ओट्यावर. ही रीत पंचशीला लहानपणापासून पाहत आलेली. पण प्रोग्रॅम लिहिताना गाव कुठं आठवतं?

ती तिथंच ओट्यावर लॅपटॉप मागवून बसली. आता 'निघालो' आलं, की वाढप्यांना निरोप नाही. त्या घराला दुसरं बोलावणं. आणि वाढायचं ते माणूस मांडवात शिरल्यावर, दारात उभ्या भावानं, अमरदीपनं, बटण दाबलं की.

फोन पुन्हा वाजले. नरसिंगअण्णा ताडकन उठले. बघता बघता मांडव भरला. भात गार झाला होता, पण वरण कढत होतं, म्हणून निभावलं.

पंगतीत चिंताकी गावाहून आलेल्या विहीणबाई, इंदिराबाई, यांनी नेमकं तेच विचारलं, "तुमची पंचशीला करती तरी काय?"

मंगलबाईनं पदर सावरला. "ती व्हय? बोलावूनबी लोक कामून उठंनात, ते वळखून पुन्हा बोलावती. बेंगळुरूवाले त्याचाच पगार देतेत."

चूक दुरुस्त करायला पंचशीलानं तोंड उघडलं. पण आईचा तो रुबाब बघून तिला इतका आनंद झाला, की उघडल्या तोंडात तिनं बुंदीच घातली.