आधी बसा, मग फोटो : वर्तक सरांबरोबर बुखाऱ्यात

वर्तक सरांची आणि माझी ओळख एका भाषणात झाली. डोंबिवलीच्या आमच्या वाचनालयात सर उझबेकिस्तानातल्या जुन्या मशिदी आणि दर्ग्यांची चित्रं दाखवून बोलणार होते.

"मशिदींतलं आपल्याला काय कळतंय?" मी माझ्या यजमानांना म्हटलं.

"कळायला कशाला हवं? बघ तर खरं. शिवाय तिथले पंखे चांगले आहेत," असं म्हणून ते मला घेऊन गेले.

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं सगळं त्याच वाचनालयाच्या पुस्तकांतून. तरी भाषण संपल्यावर मी धीर करून विचारलं, "एवढ्या उंच घुमटाखाली बर्फाच्या दिवसांत माणसं गारठत नाहीत का?" सरांनी कॉलेजात अनेक वर्षं इतिहास शिकवलेला. ते सरळ म्हणाले, "मला माहीत नाही. विचारून सांगतो."

मी ते विसरूनही गेले. सर दरवर्षी लोकांना घेऊन तिकडे सहलीला जात; पुढच्या सहलीहून परतल्यावर त्यांचा फोन आला. "वहिनी, तुमचं उत्तर आणलंय. तिथल्या कित्येक मशिदींना थंडीसाठी आतलं बंद दालन असतं आणि उन्हाळ्यासाठी लाकडी खांबांची मोकळी ओसरी. आपल्या माजघर-पडवीसारखंच." एका अनोळखी बाईचा प्रश्न त्यांनी इतके दिवस लक्षात ठेवला होता.

त्याच फोनवर यजमानांनी पुढच्या सहलीसाठी आमची दोघांची नावं दिली. पण जाण्याआधीच हृदयविकाराने ते गेले. सर आणि त्यांच्या पत्नी सुधाताई घरी भेटायला आले. सुधाताई माझा हात धरून बसल्या. निघताना सर एवढंच म्हणाले, "तुमचं नाव मी खोडत नाही. पुढच्या वर्षी या, त्याच्या पुढच्या वर्षी या, तुम्हाला वाटेल तेव्हा या."

वर्षश्राद्ध झाल्यावर मी निघाले. "देवदेव करायचं सोडून ही चालली मशिदी बघायला!" असं नणंदबाई म्हणाल्या. त्याचं वाईट वाटलं नाही. खरं तर तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मला त्रास नको म्हणून वर्षभर घरात यजमानांचा विषय कोणी काढला नव्हता, आणि मला एकदाही रडू आलं नव्हतं. आपण आतून दगड झालोय की काय, याची भीती वाटायची.

खिव्याच्या जुन्या मशिदीत कोरीव खांबांचं रान पाहिलं. समरकंदला शाह-ए-जिंदामध्ये निळ्या फरशांनी मढवलेल्या कबरींची गल्ली पाहिली. सगळीकडे सरांचा एकच नियम होता, आधी बसायचं, मग फोटो. आमच्यातले नाईक कुरकुरायचे, "सर, उजेड जातोय हो!"

"जाऊ दे. उद्या परत येतो तो. तुम्ही बसा."

बुखाऱ्याच्या मोठ्या मशिदीचं नाव कल्याण आहे असं कळलं, तेव्हा नाईक म्हणाले, "डोंबिवलीहून विमानाने येऊन उतरलो कुठे, तर कल्याणला!" सर पोटभर हसले, आणि मग त्यांनाही बसवलंच.

दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या एका सूफी संताच्या दर्ग्यात गेलो. लाकडी छताखाली बाकं होती. रंगीत रुमाल बांधलेल्या बायकांनी सरकून मला जागा दिली. समोर बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी काहीतरी विचारलं. तिथल्या वाटाड्याने ते सरांना सांगितलं आणि सर माझ्याजवळ आले.

"तुमच्या घरचं कोणी गेलं असेल तर नाव सांगा म्हणतायत. त्यांच्यासाठी प्रार्थना करतील."

"तुम्हाला ठाऊक आहे की. तुम्हीच सांगा."

"ठाऊक आहे, वहिनी. पण तुम्ही सांगा."

लग्नातला उखाणा सोडला तर ते नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. आमच्यात घेत नाहीत. 'अहो' म्हणण्यात संसार झाला. सरांनी घाई केली नाही. शेवटी मी म्हटलं, "वसंत."

त्या गृहस्थांनी डोळे मिटले. त्यांच्या अरबी शब्दांतून मला मध्येच ऐकू आलं, "वसान्त." सगळ्यांनी ओंजळी चेहऱ्यावरून फिरवल्या. सरांनीही फिरवली. आणि मला रडू फुटलं. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"सर, बस थांबलीय," कोणीतरी म्हणालं.

"थांबू दे," सर म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून, बाकीच्यांना अडवून उभे राहिले.

परत आल्यावर मी घरात ते नाव घेऊ लागले. आधी सून दचकली. आता नणंदबाईंचा फोन आला की त्या "आमचा वसंता लहानपणी..." अशी सुरुवात करतात, आणि आम्ही दोघी हसतो, कधी रडतो. दुःख आहेच. पण ते आता आमच्यात बसतं, बोलतं.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. मी त्यांच्याहून लहान, आशीर्वाद देण्याचा अधिकार मला नाही. म्हणून देवाजवळ मागते. सरांचे गुडघे दुखायचे थांबोत, नजर साफ राहो. आणि त्यांना व सुधाताईंना एकमेकांची सोबत खूप वर्षं, धडधाकट लाभो. हाक मारली की ओ देणारं माणूस घरात असावं, याहून मोठं मागणं मला सुचत नाही.